सहा वाफे, दीडशे मेंढरं

दसरा झाला तशी धोंडिराम हवालदारांनी परसातले दोडक्याचे वाळके वेल उपटले, सहा वाफे खणले आणि जाहीर केलं, "यंदा थंडीत फ्लॉवर हितंच पिकणार!" एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आल्यापासून त्यांनी दोन हिवाळे शेजारच्या आप्पासो गुरुजींच्या फ्लॉवरची भाजी मान खाली घालून खाल्ली होती. तिसऱ्यांदा खाणार नाही, असं ते कडेगावच्या स्टँडवर भर हाटेलात बोलून बसले होते. आता माघार कसली?

"खत कुठनं आणताय?" त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी विचारलं.

"मेंढरं बसवतो."

जाईबाईंनी कपाळावर हात मारला. मेंढरं बसवतात ती रानात. धनगर कळप आणतो, तो रातभर बसतो आणि लेंड्यामुतानं रान खतवतं. खाटेएवढ्या वाफ्यांसाठी कळप बोलावणारा हा एकटाच दिवटा!

"आवं, चार पाट्या लेंड्या आणा की मागून!"

"पाटीत मूत येतं का? खरी ताकद मुतात हाय!"

हे खरंच होतं, आणि वैताग तोच होता. अर्धवट शहाण्याशी भांडायचं तरी कसं?

संध्याकाळी बिराप्पा धनगर दीडशे मेंढरं घेऊन आला. परस बघून म्हणाला, "हवालदारसाब, हितं लय तर वीस बसतील."

"दाटीनं बसव. आमी एका तंबूत चाळीस झोपायचो!"

मेंढरं दाटीनं शिरली. आधी तुळस गेली, मग मिरच्या, मग दोरीवरच्या धोतराचा सोगा. हवालदारांनी संतापून पलटणीतली शिट्टी फुंकली. झालं! कळप बिथरला, वाफे तुडवत, मधली काट्याची कुपाटी मोडत गुरुजींच्या मोकळ्या परसात घुसला आणि तिथं निवांत बसला.

"उठव त्यास्नी, बिराप्पा!"

"बसल्यालं मेंढरू आता उजाडल्याबिगर उठायचं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या, हवालदार," गुरुजी दारातून म्हणाले. "घर तुमचंच हाय."

सकाळी मेंढरं बसवल्याबद्दलचा बिराप्पाचा शिधा मात्र जाईबाईंनीच दिला. जीव नुसता जळत होता. हवालदारांचे वाफे तुडवून असे घट्ट झाले होते, की कुदळ लागेना. तिथं गवतसुद्धा उगवलं नाही.

पौषात गुरुजी घागरीएवढा फ्लॉवर घेऊन आले. जाईबाईंनी भाजी केली, ताट वाढलं आणि पुढ्यात बसल्या.

"खानार न्हवता न्हवं?"

"गुरुजींचा खानार नव्हतो. ह्यात खत आपलं हाय!" हवालदारांनी मोठा घास घेतला.

ओसरीवर बसलेल्या गुरुजींनी मान डोलावली. "बराबर हाय. मग फुडच्या दसऱ्याला मेंढरं कवा बोलावताय तेवढं सांगा, म्हंजे मी वाफे खणून ठेवतो."