नळावरचा मग

खाली शिंप्याच्या दुकानात छतातून पाणी गळत होतं, आणि वरच्या मजल्यावर लेखक आपल्या कादंबरीत झुळझुळता ओढा घालत होता. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. मधे तहान लागली म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, नळावरचा मग काढून नळ फिरवला, थेंब येईना, तेव्हा रिकामा मग घेऊन परत टेबलाशी बसला. नळ राहिला उघडाच. पुढे पाणी आलं, खरकट्या ताटांनी बेसिनचं तोंड बुजलेलं होतं, ते भरून वाहायला लागलं, आणि हा पठ्ठ्या कान देऊन ऐकत स्वतःवरच खूश, की ओढा काय हुबेहूब जमलाय!

कादंबरीचा नायक मनानं लहानच राहिलेला होता. त्याच्या हातून अख्खं गोदाम जळतं आणि सगळे त्याला पोटाशी धरतात, कारण त्या बिचाऱ्याला काय कळतंय. हे प्रकरण लेखकानं आपल्या थोरल्या भावाला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं होतं. दादाची समजही तशीच हळू चालणारी, म्हणून त्याला ते आवडेल अशी खात्री होती. दादानं ऐकलं आणि विचारलं, "मग त्यानं माफी का नाही मागितली?" लेखक म्हणाला, त्याला कळत नाही ना. दादा म्हणाला, "त्याला कुणी विचारलं का?" लेखकानं हसून पान उलटलं.

दादा खालीच शिंप्याकडे इस्त्रीला असायचा. पूर्वी बटणं लावायचा, मग कुठे त्याच्या हाती इस्त्री आली. त्या दिवसापासून तो कामाला जाताना भांग पाडायचा.

शिंप्याची हाक ऐकून लेखक धावत खाली गेला. संध्याकाळी न्यायचे बँडवाल्यांचे कोट चिंब झाले होते आणि बँडमास्तर दारातच उभा होता. शिंप्याचं तोंड कडू झालेलं, पण आवाज मात्र मऊ. दादा मघाशी चहाला वर जाऊन आला होता, तेव्हाच नळ राहिला असणार, असं शिंप्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं.

"मी नळ बंद केला होता. वर मग लावला होता," दादा म्हणाला. नळ बंद केला की त्यावर मग उपडा घालायचा, ही त्याची खूण होती.

"असू दे हो दादा," शिंपी म्हणाला. "तुम्हाला कोण रागावतंय?"

नळ आपणच फिरवला होता, हे लेखकाला आता आठवलं. पण कुणी रागावतच नाहीये म्हटल्यावर उगाच आपण कशाला मधे पडा, असा सोयीचा विचार त्यानं केला. वर म्हणाला, "समजून घ्या मामा. त्याला कळत नाही."

"समजलो ना. आज नळ राहिला, उद्या इस्त्री राहील. उद्यापासून दादांनी आपली बटणं लावावीत."

दादानं इस्त्रीची वायर काढली, नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. ते बघून लेखकाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मामा, नळ मी उघडा ठेवला," तो म्हणाला.

शिंप्याचे डोळे भरून आले. बँडमास्तर म्हणाला, भाऊ असावा तर असा, दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घेणारा. लेखक शपथेवर सांगायला लागला, तशी दोघांच्या नजरेतली माया वाढतच गेली. तो जितका कळवळून बोले तितका तो मोठ्या मनाचा ठरे. ओढ्याचं सांगितल्यावर तर बँडमास्तरनं त्याची पाठच थोपटली.

शेवटी दादा पुढे आला आणि त्यानं लेखकाच्या हाताकडे बोट दाखवलं. "नळावरचा मग बघा."

सगळ्यांनी पाहिलं. धावत येताना लेखकानं टेबलावरचा मग तसाच हातात आणला होता, आणि एवढा वेळ तोच हलवून हलवून तो बोलत होता.

शिंप्याची नजर मगावरून लेखकाच्या तोंडाकडे गेली. आता मात्र त्याचा पारा चढला. पण तो तोंड उघडणार तेवढ्यात दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, त्याला रागावू नका. लिहायला बसला की त्याला काही कळत नाही."

"मला कळतं," लेखक चिडून म्हणाला. "मी केलंय. मला बोला की."

पण शिंपी एव्हाना शांत झाला होता. हो, असतात अशी माणसं, त्यांना काय बोलायचं, असं तो बँडमास्तरला हळू आवाजात समजावत होता.

"छोट्या, माफी माग," दादा म्हणाला. "मागितली की बरं वाटतं."

लेखकानं शिंप्याची मागितली, मग दादाची. बरं वाटलं खरं. शिंप्यानं इस्त्री दादापुढे सरकवली, आणि दादा कोट सुकवायला लागला. काहीतरी भरपाई करावी म्हणून लेखक म्हणाला, दोन कोटांना मी इस्त्री करतो. शिंप्यानं दादाकडे पाहिलं.

दादानं थोडा विचार केला.

"इस्त्री नको," तो म्हणाला. "त्याला बटणं द्या."