मामांची शॅम्पेन

“किती ट्रेन्ड माणूस आहे, नाही? कुठून मिळवलास गं?”

आमच्या मुख्याध्यापिका माझ्या कानाशी वाकून कुजबुजल्या आणि नजरेनं मामांकडे खूण केली. मामा तेव्हा पांढरा कोट घालून, डाव्या हातावर नॅपकिन टाकून, त्यांच्या मिस्टरांपुढे काजूची बशी धरून उभे होते.

मी हसले. नुसतीच हसले.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमचं घर काष्टीला, आणि तिथं इंग्रजी शाळा नव्हती. म्हणून सहाव्या वर्षी मला भिंगारला त्यांच्याकडे आणून सोडलं. मामींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माझ्या वेण्या मामांनीच घातल्या, नॅपकिनच्या घडीसारख्या ताठ.

छावणीतल्या ऑफिसर्स मेसमध्ये वेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर होताना त्यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या: लिलावात घेतलेले सहा पसरट ग्लास आणि शॅम्पेन कॉकटेलची विद्या. ग्लासात साखरेचा चौकोनी खडा, त्यावर कडू अर्काचे चार थेंब, बोटभर ब्रँडी, वरून शॅम्पेन. “बबल मेला की पार्टी मेली,” हे त्यांचं ब्रीद.

अडचण एवढीच, की यातलं ब्रँडीखेरीज काहीच आमच्याकडे मिळत नसे. जिल्हा साखर कारखान्यांचा, पण साखर मिळायची पोत्यात. मग मामा ओली साखर बर्फाच्या ट्रेमध्ये थापून गच्चीवर वाळवत, आणि शेजारच्या काकूंना त्यांच्या कुरडयांबरोबर याचीही राखण करावी लागे. कडू अर्क म्हणजे रममध्ये पंधरा दिवस भिजवलेलं काडेचिराईत, संत्र्याची साल आणि लवंगा. शॅम्पेनच्या जागी सफरचंदाचा रस आणि गोटीसोडा. माझ्या ग्लासात ब्रँडी आणि अर्क वगळून सगळं.

निमित्त काहीही चाले. माझा दहावीचा निकाल, शेजाऱ्यांची नवी लूना. काष्टीला आमची म्हैस व्याली, तर मामा सहाही ग्लास स्वेटरमध्ये गुंडाळून एसटीनं हजर. वडिलांच्या एका मित्रानं ग्लासात वाकून पाहिलं.

“आवं पाव्हनं, ह्यात प्यायचं का बोट बुडवून चाटायचं?”

“सिप घ्या, सिप. घाई न्हाई करायची.”

“घाई कशाची करताय? दोन घोट तर हायेत!”

सगळे हसले. मामाही हसले. मी गोठ्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं होतं, माझे मामा आर्मीत आहेत. त्यांनी मनानंच त्यांना मेजर करून टाकलं आणि मी ते तसंच राहू दिलं. त्यामुळे मैत्रिणींना मी कधी घरी बोलावलंच नाही. माझ्या वाढदिवसाला मामा दरवर्षी सहा ग्लास पुसून ठेवत, आणि दरवर्षी त्यातले पाच तसेच उचलून आत नेत.

गेल्या महिन्यात मी शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, रविवारी दुपारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतो. नको म्हणायला मला जमलं नाही. मामांनी जुन्या ओळखीतून खरी बाटली मिळवली, रिटायर झाल्यापासूनची पहिली. “फ्रेंच न्हाई, आपल्याकडचीच हाय. पन बबल खरा हाय, बाय!” मग ट्रंकेतून पांढरा कोट निघाला.

“मामा, साधा शर्ट घाला ना.”

“शर्टावर शॅम्पेन? लोक काय म्हनतील!”

दार त्यांनीच उघडलं. मुख्याध्यापिकांनी मिठाईचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आत ठेव.” ओळख करून देण्याची वेळ हीच होती. मी पंखा मोठा करायला गेले.

नंतरची कुजबूज मामांनी ऐकली. मला कळलं, कारण काजूची बशी क्षणभर हवेत थांबली. मग ते माझ्यापुढे आले, जरासे झुकले.

“मॅडम, काजू?”

सतरा वर्षं मला ‘बाय’ म्हणणारे मामा. माझी लाज राखायला माझ्यासमोर गडी झाले होते. मी काजू घेतला. थँक यू म्हणाले.

त्यांनी बाटली उघडली. बूच उडालं नाही, फक्त सुस्कारलं. आम्ही तिघांनी घोट घेतला आणि मिस्टरांचे डोळे मोठे झाले.

“वा! अरे, तूही घे की थोडी.”

“आमी घेत न्हाई, साहेब. एकवीस वर्षं मेसमधी वतली, चव म्हाईत न्हाई.”

“मग इतकी बरोबर जमते कशी?”

“तोंडं बघतो ना. पयल्या घोटाला मानसाचं तोंड खरं बोलतं.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. “ह्या मॅडमना मातर न्हाई आवडली. साखर कमी पडली आसंल. दुसरा आनतो.”

ते माझा ग्लास उचलायला वाकले. कोट त्यांना खांद्यात सैल होत होता. मी ग्लास सोडला नाही.

“साखर बरोबर आहे, मामा,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “मॅडम, हे माझे मामा आहेत. यांनीच मला वाढवलं. घर यांचं आहे.”