घसा बसल्याची जाहिरात

"अरे, गोळी चघळायचीय, गिळायची नाही! कट!" दिग्दर्शिका सकाळपासून विसाव्यांदा कडाडली.

घसा बसल्यावर खायच्या गोळ्यांची तीस सेकंदांची जाहिरात पाच वाजता कॉलेजात सरांना द्यायची होती. आधीच्या दोन जाहिराती नापास झाल्या होत्या. हीही नापास झाली की वर्ष गेलं. म्हणून तिने या वेळी प्रत्येक दृश्याचं चित्र काढून, सेकंद मोजून आराखडा केला होता. तिच्या संतापाचं कारण एवढंच, की आराखडा तिचा होता आणि माणसं वर्गाने दिलेली होती. हिरो प्रत्येक वेळी गोळी गिळून मोकळा होत होता. कॅमेऱ्यावर वर्गात 'गोगलगाय' म्हणून ओळखला जाणारा मुलगा होता. काहीही सांगा, तो "हो, करतो" म्हणायचा, आणि त्या "हो, करतो"ने तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

चार वाजता तिघं चित्रण बघायला बसले. पडद्यावर हिरो नव्हता, गोळी नव्हती. कंबरेवर हात ठेवून ओरडणारी ती स्वतः होती. पुढच्या तुकड्यातही तीच.

"हे काय आहे?" तिचा आवाज जेमतेम फुटला.

"सकाळी तू ओरडलीस ना, कॅमेरा अजून चालू का नाही म्हणून? मी लगेच बटण दाबलं," गोगलगाय म्हणाला. "मग तू ॲक्शन म्हणालीस, मी परत दाबलं."

म्हणजे ॲक्शनला कॅमेरा बंद होत होता आणि कटला, ती ओरडत हिरोसमोर धावून जायची तेव्हा, सुरू होत होता. दिवसभर.

"आंधळ्या, लाल दिवा दिसला नाही?"

"दिव्यावर तूच आराखडा चिकटवला होतास. काढू का विचारलं, तर हात लावलास तर बघ म्हणालीस."

यावर तिला जे बोलायचं होतं, त्याला आवाज पुरला नाही. हिरोने तिच्या ओरडण्याचे तुकडे ओळीने जोडले. पहिल्यात गर्जना, मग घोगरा सूर, शेवटी नुसताच उघडा जबडा. त्यापुढे गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो लावला. पाचला पाच मिनिटं असताना तिघं भरल्या वर्गात सरांसमोर उभे राहिले.

सरांनी जाहिरात दोनदा पाहिली. "पास. वर्गात पहिला नंबर. इतका खरा राग कुणालाच जमला नव्हता. किती दिवस तालीम केलीत?"

तिने रागाने तोंड उघडलं. आवाज नाही. तिने हिरोपुढे हात पसरला. त्याने रिकामं पाकीट उलटं करून दाखवलं.

"संपल्या गं. तूच सव्वीस वेळा खायला लावल्यास."

तिचे डोळे गरागरा फिरले, नाकपुड्या फुगल्या.

"बघा," सर इतर मुलांना म्हणाले, "अजूनही भूमिकेतच आहे."