फादर बस्त्यावांची भूल

फादर बस्त्याव कुणाच्याही दारात गेले की आत पाऊल टाकायच्या आधी विचारायचे, "वर काय आहे?"

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी जरा गांगरलो. पांढरा झगा, गळ्यात क्रॉस, हातात छत्री, आणि प्रश्न हा असा. माझ्या घरात बुद्धमूर्ती. वर काय आहे या विषयावर त्यांची मतं वेगळी, आमची वेगळी. उगाच नव्या शेजाऱ्याला दुखवायला नको म्हणून मी हळूच म्हणालो, "फादर, आम्ही वर कुणाला मानत नाही."

"मानायचं नंतर बघू, मास्तर. स्लॅब आहे का पत्रा?"

"स्लॅब."

"मग मी ओट्यावरच बसतो."

आणि ते ओट्यावर बसले. पुढची सगळी वर्षं ते ओट्यावरच बसले. थंडीत बसले, उन्हात बसले. माझी बायको शोभा त्यांचा चहा बाहेरच नेऊन द्यायची. कधी रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रक गेला आणि ओटा जरासा हादरला, की फादर कप तसाच धरून अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभे राहायचे. ट्रक लांब गेला की परत यायचे. चहा मात्र एक थेंब सांडलेला नसायचा.

ते मूळचे वसईकडचे. भूकंपानंतर मदतीच्या गाड्या किल्लारीकडे आल्या, त्यातल्या एकीत बसून आले. तेव्हा नुकतेच फादर झालेले होते. गाड्या परत गेल्या, हे राहिले. मग लातुरात आमच्या भिंतीला लागून एक लहानसं चर्च होतं, तिथे त्यांची नेमणूक झाली. आमच्या भागात ख्रिस्ती कुटुंबं मोजकी. काही शिक्षक, दवाखान्यांतल्या केरळच्या नर्सबाया, रेल्वेतले एकदोघे. एवढ्यांसाठी चर्च पुरेसं होतं. पण त्याला वर स्लॅब होता. रविवारची प्रार्थना फादर इतक्या झपाट्याने उरकायचे की लोक गुडघे टेकेपर्यंत उठायची वेळ व्हायची.

आमचे घरमालक मुरुडचे. ते त्यांना एकदा म्हणाले, "फादर, किल्लारीत स्लॅब कुठं हुते? दगडमातीची घरं पडली. स्लॅबवाली तर उभी राहिली की."

फादर म्हणाले, "म्हणूनच भीती वाटते. त्यांची पाळी अजून यायचीय."

घरमालक त्या दिवसापासून स्वतःसुद्धा अंगणात खाट टाकून झोपायला लागले. फादरांची भीती अशी होती. सर्दीसारखी पसरायची.

आता त्यांच्या कामाचं सांगतो. त्यांच्यात माणूस फादरकडे जाऊन आपण काय चुकलो ते सांगतो. पापनिवेदन म्हणतात. फादर बस्त्याव त्याला वसईकडच्या शब्दात 'कुमसार' म्हणायचे. त्यासाठी एक लाकडी पेटी असते, कपाटाएवढी. मध्ये जाळी. एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला सांगणारा. फादर ऐकतो, चार शब्द सांगतो आणि देवाच्या नावाने माफी देतो. ऐकलेलं मात्र मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. पोलिसाला नाही, बिशपला नाही, जीव गेला तरी नाही.

चर्चमधली पेटी सागवानी होती, चांगली कोरीव. फादरांनी सुतार बोलावून तिचं छप्पर कापून काढलं आणि ती चर्चच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. तिथे दर शनिवारी ते छत्री उघडून बसायचे. वरून लिंबोळ्या पडायच्या, चिमण्या जाळीवर बसून ऐकायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. कुणाला ते मतदानाचं वाटायचं. बसस्टँडवरून आलेला एक म्हातारा हातात नाणं घेऊन घाईघाईने आला आणि फादरांना विचारू लागला, "आत पाणी हाय का?"

ऐकलेलं जपायची फादरांना इतकी धास्ती, की शनिवारी जो येऊन गेला त्याला ते रविवारी ओळखच द्यायचे नाहीत. उगाच आपल्या तोंडावरून कुणाला काही कळायचं. एकदा एक शिक्षक माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "फादर, ते मी शनिवारी तुम्हाला बोललो होतो ना..."

"शनिवारी?" फादर म्हणाले. "शनिवारी मी गवत काढत होतो."

"अहो, मी पेटीत आलो होतो."

"गवत फार माजलंय यंदा," फादर म्हणाले आणि चालू लागले.

पुढे आमच्या गावात क्लासेसचं पेव फुटलं. मी स्वतः त्यातलाच, केमिस्ट्री शिकवायचो. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येऊ लागली. एकेका खोलीत तीन खाटा, भिंतीवर टाइमटेबल, दारात मेसचा डबा. आमच्या गल्लीत घरांवर मजले चढले, आणि फादर तेवढेच रस्त्याच्या मधोमध चालू लागले.

या पोरांना ती पेटी कशी सापडली देव जाणे. कुणीतरी अभ्यासाला सावली म्हणून लिंबाखाली बसलं असेल, फादरांनी काय झालं विचारलं असेल. पण मग येऊ लागली. फादर प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगायचे, "तू ख्रिस्ती नाहीस. मला माफी देता येत नाही. ऐकता येतं."

"ऐका मग," पोरं म्हणायची.

मी वर्गात ज्यांना रोज बघायचो, ती ही पोरं. माझ्यासमोर सगळी 'समजलं सर' म्हणायची. तिकडे जाळीपाशी बसून रडायची. मी गच्चीवरून बघायचो, ऐकू काही यायचं नाही. फक्त फादरांची छत्री दिसायची आणि ती थरथरत असायची.

भोकरची एक मुलगी होती, हुशार, अबोल. एका दुपारी ती पेटीपाशी बराच वेळ बसून गेली. ती गेल्यावर फादर बाहेर आले ते आवारात येरझाऱ्या घालू लागले. थोड्या वेळाने तिचे वडील आले. शाळेत शिपाई होते. पोरीला भेटायला म्हणून आलेले. ती इथं येते असं खोलीवरच्या मैत्रिणींनी सांगितलेलं.

"पोरगी काय म्हणायली हो तुमाला?" त्यांनी विचारलं. "आमच्याशी बोलतच न्हाई."

फादर पांढरे पडले होते. मी भिंतीपलीकडे उभा, मला त्यांचा हात दिसत होता. त्यांनी फाटकाची सळई धरली होती.

"कुठली पोरगी ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुमची मुलगी असेल तर आत्ता तिच्याकडे जा. चहा पिऊ नका. आत्ता जा. आणि मार्कांचं काही विचारू नका."

तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला, मग पळाला. फादर फाटकात उभे राहिले. संध्याकाळ झाली तरी उभे. शेवटी रस्त्यावरून ते दोघं येताना दिसले. बापाच्या डोक्यावर ट्रंक, मागे मुलगी. ती दोघं बसस्टँडकडे गेली. तिने वळून हात केला. फादरांनी ओळख दाखवली नाही, पण ती गेल्यावर तिथेच मातीत बसले. मी पाणी नेऊन दिलं. काय होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नसतं. ती मुलगी पुढे भोकरलाच शिकली, शिक्षिका झाली एवढं मला कळलं.

तर असे हे फादर. त्यांना हर्निया होता आणि तो ते वर्षानुवर्षं पट्टा बांधून रेटत होते. शोभा दवाखान्यात लॅबमध्ये होती, तिने कितीदा सांगितलं ऑपरेशन करून घ्या. फादर विषय बदलायचे. आम्हाला वाटलं, दवाखान्याच्या स्लॅबची भीती.

एक दिवस सकाळी ते आमच्या ओट्यावर आले आणि बसलेच नाहीत, आडवे झाले. अंग घामाने थबथबलेलं. शोभाने पोटाला हात लावला आणि मला म्हणाली, "रिक्षा आणा."

दवाखान्यात सर्जननी बघितलं. आतडं अडकलंय म्हणाले, आजच उघडावं लागेल. फादर टेबलावर आडवे, डोळे छताला लावलेले. मला वाटलं आता विचारणार, वर किती मजले आहेत. पण त्यांनी विचारलं, "भूल देणार?"

"पूर्ण द्यावी लागेल."

"नुसती कमरेत सुई देऊन नाही का?"

"फादर, आतडं काळं पडलं असलं तर कापायला वेळ लागेल. जागं ठेवून होणार नाही."

"मग मला घरी न्या," फादर मला म्हणाले.

डॉक्टर वैतागून बाहेर गेले. मी फादरांच्या तोंडाशी वाकलो. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"मास्तर, मी झोपेत बोलतो," ते म्हणाले. "सेमिनरीत फादर व्हायला शिकत होतो तेव्हापासून. पोरं सकाळी मला माझंच बोलणं म्हणून दाखवायची. तेव्हा पोटात काही नव्हतं. आता सगळं गाव आहे. शुद्ध नसताना काय बाहेर पडेल, कुणाचं नाव येईल, मला कसं कळणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस कुणाच्या घरी मुक्कामाला का राहत नाही, वसईला सणाला का जात नाही, रेल्वेने रात्रीचा प्रवास का करत नाही. स्लॅब अंगावर पडेल ही एक भीती. आपल्या तोंडून दुसऱ्याचं घर पडेल ही त्याहून मोठी.

"फादर, न केलं तर मराल."

"ते बरं. मेलेला बोलत नाही."

ते हे गमतीने म्हणत नव्हते. मी दाराकडे धावलो. बाहेर शोभा उभी होती. तिला सांगितलं, तर तिने क्षणभर विचार केला आणि वरच्या वॉर्डातून एका नर्सला घेऊन आली. सिस्टर लिसी. केरळहून नुकतीच आलेली, मराठीचा गंध नाही, हिंदी मोडकंतोडकं. शिवाय त्यांच्याच पंथाची.

फादरांनी त्या अवस्थेतही तिची परीक्षा घेतली. वेदना सोसत ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पाठीवर विंचू चढलाय."

लिसी शांतपणे म्हणाली, "जी फादर."

"चालेल," फादर म्हणाले. मग तिला हिंदीत बजावलं की चुकून कानावर पडलेलंसुद्धा सांगायचं नसतं. ती मान डोलावत राहिली. डॉक्टरांनी आणि भूल देणाऱ्या बाईंनीही कबूल केलं की शुद्धीवर येताना फादर बोलू लागले तर खोलीत फक्त लिसी राहील.

ऑपरेशन दुपारभर चाललं. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो. आत ते जगतायत का हे एक, आणि जगले तर शुद्धीवर येताना काय बोलतील हे दुसरं. माझ्याच क्लासमधली किती पोरं त्या जाळीपाशी बसली होती. त्यांचे आईबाप याच गावात ये-जा करत होते.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाचले. फादरांना शेजारच्या खोलीत नेलं, लिसी आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून पुटपुटण्याचा आवाज येऊ लागला. मी उठलो आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो, ऐकू येणार नाही इतका लांब.

दिवेलागणीला लिसी बाहेर आली. सरळ माझ्याकडे आली.

"सर, एक बात."

"सिस्टर, काही सांगू नका. मत बोलो."

"पाप नहीं सर. कोई नाम नहीं. एक ही बात बार बार. मतलब बताओ." आणि तिने ते अक्षर अक्षर जोडून म्हणून दाखवलं, "कोनी... आहे... का."

"और कुछ?"

"कुछ नहीं. जोर से बोलता है, फिर चुप. बहुत देर चुप. कान लगाके सुनता है. फिर बोलता है."

मी अर्थ सांगितला. तिचे डोळे भरून आले.

"फिर आपने क्या किया?"

"मुझे लगा किसी को बुलाता है. तो मैं बोली, हां फादर. हर बार बोली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर शुद्धीवर होते, अंगात त्राण नव्हतं. मला बघताच त्यांनी चादर घट्ट धरली.

"काय बोललो मी?"

"कुणाचं काही बोलला नाहीत. शपथेवर सांगतो. नुसतं विचारत होतात, कोणी आहे का."

त्यांनी चादर सोडली. मग त्यांनी सांगितलं. किल्लारीला गेले तेव्हा त्यांचा आवाज चर्चमध्ये गाऊन तयार झालेला, मोठा. म्हणून त्यांना तेच काम दिलं होतं. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर चढायचं, दगडांच्या फटीशी तोंड नेऊन ओरडायचं, 'कोणी आहे का'. मग सगळ्यांनी फावडी थांबवायची, गाड्या बंद करायच्या आणि ऐकायचं. आतून काही आलं तर खणायचं. नाही आलं तर पुढच्या घरी.

"मी विचारलं तिथे कुणी उत्तर दिलं नाही, मास्तर," ते म्हणाले. "एकाही घरातून नाही. दुसऱ्यांना मिळाले लोक. मला नाही मिळालं कुणी."

"म्हणून राहिलात इथे?"

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग विचारलं, "काल कुणी काही बोललं का? मी विचारलं तेव्हा?"

"सिस्टर होती ना. ती प्रत्येक वेळी हो म्हणाली."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

फादरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी स्टूल ओढून त्यांच्या पाठीशी बसलो. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. ते झोपले, आणि मी तिथे बसलेला असूनही झोपले.