कणभरही वाया न घालवता

सासरेबुवांची सागवानी फळी मी कापणार आणि एक कणही वाया घालवणार नाही, असं मी भर जेवणात जाहीर केलं! लेकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पुस्तकांचं कपाट करायचं म्हणून त्यांनी ती फळी वर्षानुवर्षं पलंगाखाली जपली होती. आता हात थरथरतात, म्हणून जीव मुठीत धरून माझ्या ताब्यात दिली.

टेबलावरच्या करवतीला पातं कुठलं आणायचं? जाड पातं रुंद चीर पाडतं, म्हणजे भुसा जास्त. बारीक पातं कमी लाकूड खातं. मी अर्थातच बारीक आणलं आणि त्याच हिशोबाने चार तुकड्यांच्या खुणा केल्या. शेवटची खूण थेट फळीच्या टोकाला!

"थोडी जागा सोड की रे," बायको म्हणाली.

"हिशोब आहे माझा!"

पातं झोकात शिरलं आणि फळी मधेच अडकली. मी ढकलली. हलेना. पोट लावून ढकलली. धूर निघाला!

"अरे, थांब!" बायको ओरडली. "त्या पात्यामागची लोखंडी पट्टी बघ. जाड पात्याच्या चिरेतून जाणारी आहे ती. या चिरेत कशी शिरेल?"

"पातंच कुचकामी आहे!" मी म्हणालो. शिवाय ते वाकलंही होतं, आणि चीर सापासारखी वळवळत गेली होती.

मग जुनं जाड पातं चढवलं. लोण्यासारखं कापलं हो! फक्त खुणा मात्र बारीक पात्याच्याच राहिल्या. शेवटचा तुकडा आखूड आला. मग बाकीचे तीन त्याच्याएवढे केले. त्यात एक तिरका गेला, म्हणून पुन्हा चारही सरळ केले. मग दुसराच आखूड दिसायला लागला. मला काही थांबवेना! बायको झाडू घेऊन भुसा पोत्यात भरत होती.

इतक्यात बेल वाजली. सासरेबुवा!

"जावईबापू, कपाट कुठंय?"

मी चार तुकडे पुढे केले. तळहातावर मावत होते. त्यांचा चेहरा असा पडला की मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"आणि बाकीचं लाकूड?"

"एक कणही वाया घालवला नाही त्याने, बाबा," म्हणत बायकोने भुशाचं पोतं पुढे ओढलं.

त्यांनी मूठभर भुसा उचलला आणि हुंगला. मग खांदे गदगदा हलायला लागले. रडताहेत म्हणून मी पाय धरायला वाकलो, तर गृहस्थ हसत होते!

"सागवान अस्सल होतं हो," डोळे पुसत ते म्हणाले. "आता चहा तरी द्या."

बायकोने चहा आणला आणि कप त्यातल्याच एका तुकड्यावर ठेवला.

अगदी मापात बसला!