गवई सर लपले आहेत

आमच्या गवई सरांना कुणी नमस्कार केला की ते विचारतात, "राज्य कोनावर हाय?" तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी गोंधळून "माझ्यावर" म्हटलं, तर सरांनी त्यांना भिंतीकडे तोंड करून दहा-वीस-तीस मोजायला लावलं. साहेबांनी मोजलं, हेही नवलच!

रिसोडला मुलांच्या मनावर उपचार करणारं आमचं छोटं केंद्र आहे. सर तिथले समुपदेशक, मी नर्स. सरांच्या खोलीत खुर्ची नाही. सतरंजी, बाहुल्या, भातुकली आणि एक मोठं रिकामं कपाट, सरांना लपण्यासाठी. पोरं तोंडानं सांगत नाहीत, खेळून सांगतात, असं त्यांचं ठाम मत. आईबापांनाही खेळावंच लागतं.

सहा वर्षांची नाझिया आई गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिचे अब्बू सलीमभाई कापड दुकानदार. खेळायला घरी जागा कमी आहे का, असं कुरकुरत का होईना, ते दर बुधवारी तिला आणत. ती बाहुलीला भरवायची, हे मोबाइल बघायचे.

गेल्या बुधवारी सरांनी लपाछपी काढली. राज्य सलीमभाईंवर. धप्पा तोंडानं म्हटला तरच धरायचा, हा सरांचा नियम. सर कपाटात, नाझिया पडद्यामागे. मी खिडकीतून बघत होते. सलीमभाई डोळे मिटून मोजत असतानाच ती चवड्यांवर बाहेर आली, हात उचलला आणि तशीच थांबली. माझा जीव नुसता टांगणीला!

"धप्पा!"

सलीमभाई वळलेच नाहीत. भिंतीला कपाळ टेकवून रडत म्हणाले, "राज्य माझ्यावरच हाय बेटा. अजून दे."

तिनं दिला. पुन्हा दिला. मग हसतच सुटली. आम्ही सगळे आत धावलो, कुणी पेढे आणले, कुणी चहा सांगितला. सलीमभाई लेकीला खांद्यावर घेऊन घरी गेले.

चहाचा एक कप उरला, तेव्हा मला आठवण झाली. कपाट उघडलं. सर गुडघे पोटाशी घेऊन, घामानं निथळत बसलेले.

"बाहेर का नाही आलात?"

"मले कोनी शोधलंच नाही न, सिस्टर." ते हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आसेगावले लहानपनी पोरं मले खेळात घेत. मी लपलो का सारे घरी निघून जात. मी अंधार पडेपर्यंत बसून राहो."

मी चहाचा कप बाजूला ठेवला.

"बसा आत," मी म्हटलं. दार लावलं, भिंतीकडे वळले आणि मोठ्यानं दहा-वीस-तीस सुरू केलं.