शंभर थेंबांची बाटली

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कोंबड्यांच्या डोळ्यात औषध घालायचं. मी कोंबडी धरायची, माझ्या बायकोनं, हौसानं, थेंब टाकायचा. रविवार होता, ऊन उतरलं होतं. अकरा कोंबड्या, अकरा डोळे. एका कोंबडीला एकाच डोळ्यात थेंब. दुसऱ्या डोळ्याकडं बघायचंसुद्धा नाही. मी हे काम पंधरा वर्षं करत होतो, तरी त्या दिवशीपण ती म्हणालीच, "धरा की नीट. कोंबडी हाय ती, घमेलं न्हाय."

अकरावी सुटली तेव्हा बाटलीत एकोणनव्वद थेंब शिल्लक होते. हौसानं थर्मासकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "राहू दे बाकीचं आज."

मला बरंच वाटलं. मी चप्पल काढली आणि आडवा झालो. हौसा आयुष्यात पहिल्यांदा आपणहून औषध वाया घालवत होती आणि मी घोरत होतो. डोकं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

बाटलीचं सांगितल्याशिवाय हौसा कळायची नाही. कोंबड्यांना मानमोडी म्हणून रोग येतो. मान वाकडी होते, जागच्या जागी गोल फिरतात आणि दोन दिवसांत घरामागचं परडं रिकामं. त्याची लस जनावरांच्या दवाखान्यात मिळते. बाटली अंगठ्याएवढी, पण शंभर कोंबड्यांची. तिच्यात पाणी मिसळलं की बर्फात ठेवून दोन तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. दुसरी बाई असती तर आपल्या कोंबड्यांचं उरकून गप बसली असती. हौसा थर्मास काखेत मारायची आणि उरलेल्या एकोणनव्वद कोंबड्या शोधायला बाहेर पडायची.

आमची गल्ली राजारामपुरीच्या मागं, उताराला. त्या वेळी घरामागं परडी होती, परड्यात कोंबड्या होत्या. हौसा कुणाच्याही दारात उभी राहायची आणि विचारायची, "डोळं किती तुमच्यात?" नवीन भाडेकरू घाबरायचे. जुने आत बघून आकडा सांगायचे, "सात." की झालं. खुराड्यात हात घालून हौसा सात कोंबड्या काढायची, सात थेंब टाकायची, तिथला च्या उभ्याउभ्या प्यायची आणि पुढच्या दारात. दर तीन महिन्यांनी ही फेरी. गल्लीत एक लग्नाची वरात तिनं थांबवली होती, कारण कुणाचा तरी कोंबडा घोड्याच्या पायात शिरला होता आणि त्याचा थेंब राहिला होता. नवरदेव घोड्यावर, बँड गप, आणि ही खाली बसून कोंबड्याला म्हणते, "डोळा उघड, शाण्या."

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. मी उद्यमनगरात फौंड्रीत साचे भरायचो. सकाळी जायचो, जादा पाळी मिळाली तर तीपण करायचो. गल्लीत कोण राहतं हे मला हौसाच्या तोंडून कळायचं. आम्हाला मूलबाळ नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. कोंबड्यांना मात्र नावं होती, जिथनं आणली त्या गावांची. कागलकरीण भांडकुदळ. गगनबावडा पावसाचं गाव, तिथली कायम भिजल्यासारखी दिसायची, उन्हाळ्यातसुद्धा.

आमच्या शेजारी नीलव्वा अक्का. लिंगायत बाई, माहेर पार सीमेच्या पलीकडं, रागावली की कानडीत रागवायची. नवरा गेलेला, मुलगा बेळगावात. अंड्याचं टरफल जरी तिच्या अंगणात उडालं तरी ती पाणी शिंपडायची. हौसाचं आणि तिचं रोजचं भांडण. अक्का म्हणायची, "तुझी कोंबडी माझ्या तुळशीत आलती." हौसा म्हणायची, "नमस्कार कराय आलती." शंभर थेंबांत ह्या एका घराचा हिशेब नव्हता. हौसा ते दार सोडून पुढं जायची.

मग ते बर्ड फ्लूचं साल आलं.

तिकडं लांब, खानदेशाकडं कोंबड्या मेल्याची बातमी आली. टीव्हीवर पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरताना दिसली आणि आमची गल्ली सटपटली. चिकनच्या दुकानातला माणूस सकाळपासून माश्या मारायचा. ज्यांच्या घरात बुधवार-रविवार तांबडा-पांढरा रस्सा शिजायचा, ते शेपूची भाजी आणून माझ्यासमोर तिचे गुण सांगायला लागले. कुणाला नुसती शिंक आली तरी शेजारचा विचारायचा, "अंडं खाल्लतंस का?"

त्यातच हौसाच्या फेरीची तारीख आली. ती थर्मास घेऊन निघाली. पहिल्या दारातच बाईनं विचारलं, "मावशी, ह्या औषधानं बर्ड फ्लू थांबतोय का?"

हौसानं दवाखान्यात विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, "न्हाय. ही मानमोडीची लस हाय. त्या रोगाला ही चालत न्हाय."

दार बंद झालं. दुसऱ्या दारात तोच सवाल, तेच उत्तर, तेच दार. शेवटच्या घरात एक म्हातारा होता, तो म्हणाला, "कोंबडीला नको, माझ्या डोळ्यात टाक एक थेंब. असू दे." हौसानं त्याला त्याच्या सुनेसमोर झापलं. घरी आली तेव्हा एकोणनव्वदच्या एकोणनव्वद थेंब थर्मासमध्ये. बर्फाचं पाणी झालेलं. आणि तिनं ते टाकून दिलं नाही. परड्यात फिरणाऱ्या चिमण्या-कावळ्यांच्या मागं लागली, वाया जायला नको म्हणून. एक कावळासुद्धा सापडला नाही.

मी म्हणालो, "थाप मारायची की. थांबतोय म्हणायचं, कोण बघायला येतंय?"

ती म्हणाली, "डोळ्यात औषध बी घालायचं आणि धूळ बी घालायची व्हय?"

दोन दिवसांनी गल्लीतली माणसं दारात आली, पुढं नीलव्वा अक्का. कोंबड्या काढा म्हणाली. रोग आला तर आधी शेजार मरणार म्हणाली. हौसा दार अडवून उंबऱ्यावर बसली. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "कोंबड्या मी काढत न्हाय, ते जाऊ द्या. आता मला दारात कोण उभं करणार न्हाय, बघा." मी म्हणालो, नाही तर नाही, घरात बस. माझ्या मते मी समजूत घातली होती.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टराच्या दाराला पाटी लागली, माणसांची फ्लूची लस मिळेल म्हणून. हौसा मला घेऊन गेली. डॉक्टर बिचारा समजावत होता, ही साध्या फ्लूची आहे, वयस्कर माणसांनी घ्यावी, पण कोंबड्यांच्या रोगाशी तिचा संबंध नाही. हौसा म्हणाली, "ते म्हाईत हाय मला. माझंच बोलणं मला कशाला सांगताय? ह्यास्नी द्या." आता माझ्या अंगावर तापलेल्या लोखंडाच्या ठिणग्या उडालेल्या आहेत, पायावर डाग अजून आहेत. पण सुई बघितली आणि मी उठलो. हौसानं मागनं माझे दोन्ही दंड असे पकडले, जसे मी कोंबडीचे पंख पकडतो. वरनं डॉक्टरला म्हणाली, "मारा. हे नीट धरलंय." डॉक्टरनं तिला विचारलं, तुम्ही घेणार का? ती म्हणाली, माझं नंतर. तिचं नंतर काही आलं नाही.

त्याच महिन्यात एक गंमत झाली. नीलव्वा अक्काला ताप भरला. अंग दुखतंय, नाक गळतंय, घसा बसलाय. साधा फ्लू. पण गल्ली म्हणाली, बर्ड फ्लू. ज्या बाईनं जन्मात अंड्याला बोट लावलं नाही, तिला कोंबडीचा रोग. गल्ली लांबनं हळहळली. पाणी तापवून द्यायला कुणी आत गेलं नाही. मुलाचा फोन लागेना.

हौसा गेली. भाताची पेज घेऊन गेली, सोबत डॉक्टरला घेऊन गेली, आणि पाच दिवस तिथंच राहिली. मला डबा भिंतीवरनं यायचा. अक्का तापात कानडीत शिव्या द्यायची, हौसा मराठीत द्यायची. भिंतीच्या अलीकडं मी पेपर घेऊन बसायचो, वाचायचो नाही, ऐकायचो. अक्का बरी झाली तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाली, "तुझ्या हाताला कोंबडीचा वास येतोय." हौसा म्हणाली, "मग इतके दिवस पेज कशी गिळलीस?"

पुढच्या फेरीला हौसा थर्मास धुवत होती, पण बाहेर पडायचं धाडस तिला होत नव्हतं. तेवढ्यात दारात अक्का. कपाळावर विभूती, हातात काठी. म्हणाली, "चल, मी पुढं होतो." आणि जन्मात कोंबडीला न शिवलेली ती बाई हौसाच्या पुढं चालत प्रत्येक दारावर काठी आपटत गेली. "मी जित्ती हाय का न्हाय? बघून घ्या. आता खुराडं उघडा." दारं उघडली. लोकांनाही उघडायचीच होती. अक्का दर दारात चार हात लांब, नाकाला पदर लावून उभी.

तेव्हापासून हौसाची फेरी अक्काच्या घरापासनं सुरू व्हायला लागली. तिथं खुराडं नाही, कोंबडी नाही, डोळा नाही. तरी ही आधी तिथं जाऊन बसायची, चांगला अर्धा तास. इतरांना मिनिटामिनिटाला वरडणारी बाई तिथं थर्मास मांडीवर घेऊन खुशाल च्या प्यायची. मी भिंतीवरनं हाळी मारायचो, "अगं, बर्फ पाणी व्हायलाय." ती म्हणायची, "हू दे की."

असं दोन वर्षं चाललं. मग तो रविवार आला, ज्याचं मी सुरुवातीला सांगितलं. सोमवारी पहाटे हौसा उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणालो, तिनं कधी काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाला, तुम्ही विचारलं होतं का? त्याला काय माहीत, आमच्यात विचारायचं काम नव्हतं.

बाराव्याला जनावरांच्या दवाखान्यातला कंपौंडर आला. मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. जेवण झाल्यावर पान लावत बसला आणि म्हणाला, "मावशीनं पंधरा वर्षं माझं डोकं खाल्लं, बघा." मी म्हणालो, एका बाटलीसाठी त्रास दिला तुम्हाला. तो म्हणाला, त्रास कसला. आमच्याकडं दर बुधवारी बाटली फोडतोच. मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, अकरा कोंबड्या बुट्टीत घालून आणा, आमच्या बाटलीतनं टाकतो, पाच मिनिटांचं काम. तुम्हाला अख्खी बाटली कशाला?

"मग?" मी विचारलं.

"ती म्हणाली, न्हाय, मला शंभराचीच द्या. अकरांचं हितंच झालं, तर मी कुणाच्या घरी जाऊ?"

कंपौंडर सहज बोलून गेला. पान तोंडात टाकलं, हात जोडले, गेला.

तीस-पस्तीस वर्षं मी फौंड्रीतनं आलो की ताट समोर यायचं आणि मी जेवून झोपायचो. दिवसभर ती ह्या दोन खोल्यांत एकटी होती. माझी समजूत अशी, की तिला कोंबड्यांचं वेड आहे. गल्लीचीही तीच. वेड होतंच, नाही म्हणत नाही. पण कोंबड्या अकराच होत्या. बाकीची एकोणनव्वद दुसऱ्यांची दारं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास धुतला. दवाखान्यात गेलो. कंपौंडर म्हणाला, "आबा, तुमच्या कोंबड्यांचं तर पंधरा दिवसांमागंच झालंय की. तीन महिन्यांनी या."

मी म्हणालो, "एकोणनव्वद राहिल्यात. शंभराची द्या."

त्यानं बाटली दिली, बर्फ दिला, पाणी किती मिसळायचं ते दोनदा सांगितलं. मी गल्लीत आलो. हौसाशिवाय मी ह्या गल्लीत कुणाच्या दारात कधी उभा राहिलेलो नव्हतो. काय म्हणायचं तेपण येत नव्हतं. पहिल्या दाराची कडी वाजवली.

नीलव्वा अक्कानं दार उघडलं. माझ्याकडं बघितलं, काखेतल्या थर्मासकडं बघितलं.

"आमच्यात कोंबडी न्हाय की, भावजी."

"म्हाईत हाय," मी म्हणालो.

ती बाजूला सरली. मी आत गेलो आणि थर्मास मांडीवर घेऊन बसलो.